पाळीचा खाडा

शाळेच्या ऑफिसात हेडसरांच्या खुर्चीमागे भिंतीत एक खिळा ठोकलेला होता आणि त्याला तीन किल्ल्या लटकत होत्या. एक संगणकाच्या खोलीची, एक पोषण आहाराच्या कोठीची आणि लाल नाडी बांधलेली तिसरी मुलींच्या शौचालयाची. सोलापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीच्या मुलींशी पाळीबद्दल बोलायला आम्ही तिघी गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. शौचालय चांगलं बांधलेलं, भिंतीला निळ्या फरशा, वर पाण्याची टाकी. आणि दाराला कुलूप. "उघडं ठेवलं की संध्याकाळी गावातली पोरं येऊन घाण करतात, तोट्या काढून नेतात," हेडसर म्हणाले, आणि त्यांचं काही खोटं नव्हतं. मग मुलींना जायचं असेल तर? "किल्ली मागायची. आम्ही काय नाही म्हणतो होय?"

जेवणाच्या सुट्टीत मुलींना विचारलं, किल्ली मागायला कोण जातं? सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. शेवटी एकीनं सांगून टाकलं, "मॅडम, ज्या दिवशी मागावी लागंल त्या दिवशी आम्ही येतच न्हाई."

'पीरियड पॉव्हर्टी' हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या बातम्यांत आणि भाषणांत येऊ लागला आहे. मराठीत त्याला पाळीची गरिबी म्हणू. शब्द ऐकला की आपल्या डोळ्यासमोर पॅड विकत घ्यायला पैसे नसलेली मुलगी येते. ती आहेच. पण या शाळेतल्या बऱ्याच मुलींच्या दप्तरात त्या दिवशी पॅड होते. नव्हती ती किल्ली मागण्याची सोय. पाळीचे चार-पाच दिवस नीट काढायला जे जे लागतं, म्हणजे कापड किंवा पॅड, पाणी, आडोसा, वापरलेलं टाकायला जागा, आपल्याला काय होतंय याची माहिती आणि ते कुणाला तरी बोलून दाखवायची मुभा, यातलं जे नसेल ती गरिबी. पैशानं बरी परिस्थिती असलेल्या घरातली मुलगीसुद्धा शाळेत गेल्यावर या अर्थानं गरीब होऊ शकते.

बोलून दाखवण्याचंच बघा. 'कावळा शिवला', 'बाहेरची आहे', 'बाजूला बसलीय', 'अडचण आहे', शहरात 'प्रॉब्लेम' नाहीतर 'एमसी'. इतके शब्द आहेत आपल्याकडे, आणि जवळजवळ सगळे मूळ गोष्टीचं नाव टाळण्यासाठी. मी लहान असताना आमच्या आजीकडे कावळा शिवलेल्या मावशीकडे बघून मी खरंच कावळा शोधत असे. माझी पाळी आली तेव्हा मला वाटलं आपल्याला काहीतरी लागलंय. आईनं जुन्या सुती साडीची घडी हातात दिली, "आता जपून राहा" म्हणाली, आणि विषय संपला. कशापासून जपायचं, ते मला दोन-तीन वर्षं कळलं नव्हतं.

हे माझ्या एकटीचं नाही. २०१६ मध्ये भारतातल्या १३८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात ९७ हजारांवर मुलींची माहिती होती. पहिली पाळी येण्याआधी पाळी म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या मुली निम्म्याहून जरा कमीच निघाल्या, ४८ टक्के. म्हणजे दर दोन मुलींमधल्या एकीला एके दिवशी अचानक रक्त दिसलं आणि ते कुठून, कशासाठी, कधी थांबणार, काही म्हणता काही माहीत नव्हतं. शाळेत हा धडा असतो. आमच्या वेळी विज्ञानाच्या बाईंनी "हे घरी वाचा" म्हणून दोन पानं उलटली होती आणि मुलांनी आधीच घरी वाचून ठेवलेली असल्यामुळे मागच्या बाकांवर खसखस पिकली होती.

एका दिवसाची मजुरी

आता पैशाचा हिशेब. पाळी पाच दिवस धरली आणि दिवसाला तीन पॅड धरले तर महिन्याला १५ पॅड. गावच्या दुकानात बऱ्यापैकी पॅड सहा रुपयांना एक पडतो असं समजा. एकीचे ९० रुपये. घरात आई आणि दोन मुली असतील तर २७०. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे महिन्यातली जवळजवळ एक दिवसाची मजुरी.

एक दिवसाची मजुरी, एवढंच ना, असं नोकरदार माणसाला वाटेल. पण घरात पैसे एका रांगेत खर्च होतात. किराणा, गॅस, औषध, बियाणं, भावाची क्लासची फी, कुणाचं तरी लग्न. या रांगेत पॅड कुठे उभा असतो? सगळ्यात मागे, कारण तो मागायचा कुणाकडे हाच प्रश्न. पैसे बहुतेक ठिकाणी बापाच्या खिशात आणि दुकानदार म्हणजे गावातलाच कुणी काका. त्यामुळे पॅड आला तरी पुरवून पुरवून वापरला जातो. एकच दिवसभर. किंवा शाळेला जाताना पॅड आणि घरी आलं की कापड. ही काटकसर इतकी सर्रास आहे की सरकारी आकड्यांतही ती दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते २४ वयाच्या ६४ टक्के मुली-बायकांनी पॅड वापरतो असं सांगितलं आणि ५० टक्के जणींनी कापड वापरतो असं सांगितलं. दोनच आकड्यांची बेरीज शंभराच्या वर जाते. पाहणीत काही चुकलेलं नाही. बऱ्याच जणी दोन्ही वापरतात.

याच पाहणीत 'आरोग्यदायी साधन' वापरणाऱ्यांचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून चार-पाच वर्षांत ७८ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. ही वाढ खरी आहे आणि मोठी आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, पाहणी १५ वर्षांपुढच्यांना विचारते. सातवीतली बारा वर्षांची मुलगी, जिची पाळी नुकतीच आली आहे, ती या आकड्यात नाहीच. आणि दुसरी, इथे कापडाला सरसकट 'आरोग्यदायी नाही'च्या खान्यात टाकलं आहे.

कापडाची ही बदनामी मला नेहमी खटकते. सुती कापड रक्त चांगलं शोषतं, फुकट असतं, कचरा होत नाही. धुऊन कडक उन्हात वाळवलेलं कापड वापरायला काहीच हरकत नाही. अडतं ते त्या 'उन्हात' या शब्दापाशी. अंगणातल्या दोरीवर बापाचं बनियन वाळतं, भावाची चड्डी वाळते, पण हे कापड वाळायचं ते परकराखाली झाकून, गोठ्यात, नाहीतर न्हाणीघराच्या मागच्या कुडाला खोचून. जुलै-ऑगस्टमध्ये ते तीन दिवस ओलंच राहतं आणि तसंच पुन्हा घ्यावं लागतं. मग मांड्या सोलवटतात, खाज येते, चालवत नाही. शाळा तीन किलोमीटर लांब असेल तर ते तीन किलोमीटर कसे जात असतील याचा विचार करून बघा. कापड वाईट नाही, कापडाला ऊन मिळू न देणारी लाज वाईट आहे. पण लाजेवर सबसिडी देता येत नाही, पॅडवर देता येते, म्हणून योजना पॅडच्या निघतात.

त्या आकड्याचं काय?

या विषयावर काहीही वाचायला घ्या, एक आकडा हमखास भेटतो. भारतात दरवर्षी २ कोटी ३० लाख मुली पाळीमुळे शाळा सोडतात. जाहिरातीत असतो, मंत्र्यांच्या भाषणात असतो, २८ मेच्या मासिक पाळी स्वच्छता दिनाच्या प्रत्येक बॅनरवर असतो. मीही एका कार्यक्रमात तो ठोकून दिला होता. मग घरी येऊन हिशेब केला. देशभरात सहावी ते बारावीत मिळून साधारण सहा कोटींच्या वर मुली शिकतात. त्यातल्या दरवर्षी सव्वादोन कोटी गळाल्या तर तीन वर्षांत वर्गांत मुलीच उरणार नाहीत. आकडा बसत नाही, कसाही फिरवला तरी.

ज्याच्यावर जास्त भरवसा ठेवता येईल असा आकडा मघाच्याच आढाव्यात आहे. पाळीच्या दिवसांत शाळेला जात नाही असं सांगणाऱ्या मुली साधारण २४ टक्के, चौघींत एक. शाळा सोडणं वेगळं आणि खाडा करणं वेगळं. खाडा लहान वाटतो. पण महिन्याला दोन दिवस धरले तर सुट्ट्या वगळून वर्षात वीसेक दिवस होतात, आणि ते सलग नसतात. गणितात एक पायरी चुकते, पुढच्या महिन्यात विज्ञानाचा प्रयोग चुकतो, चाचणी चुकते. वही उतरवून घेता येते, समजावून कुणी देत नाही.

आता एक अडचणीचा अभ्यास. तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. नेपाळमधल्या चितवन भागात दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ बायकांनी चार शाळांतल्या सातवी-आठवीच्या १९८ मुली घेतल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या आणि एका गटाला मेन्स्ट्रुअल कप दिले, म्हणजे पाळीत आत बसवायचे, धुऊन पुन्हा वापरायचे छोटे पेले. मग दोन्ही गटांची हजेरी मोजली. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आला. पाळीमुळे बुडणारी शाळा वर्षाला अर्ध्या दिवसापेक्षाही कमी, आणि कप मिळाल्यानं हजेरीत काही फरक नाही. कपामुळे मुलींचा धुण्याचा वेळ मात्र वाचला.

हा अभ्यास लहान होता, एका भागापुरता होता, सगळ्या जगाला लागू करता येणार नाही. पण तो नाकारायलाही नको. युगांडात मोठा प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत धुऊन वापरायचे पॅड दिले, काहींत नुसती माहिती दिली, काहींत दोन्ही, काहींत काहीच नाही. जिथे काहीच नव्हतं तिथे मुलींची हजेरी जास्त घसरली. पण गंमत पुढे आहे. नुसती माहिती मिळालेल्या शाळा पॅड मिळालेल्या शाळांच्या मागे नव्हत्या आणि दोन्ही मिळालेल्या शाळा फार पुढेही गेल्या नाहीत. आपल्या देशातल्या शाळांत २००० नंतर शौचालयं बांधली गेली, त्याचा पटावर काय परिणाम झाला हेही एका अभ्यासात तपासलं गेलं. लहान वर्गांत कसलंही शौचालय बांधलं तरी पट वाढला. मोठ्या वर्गांत मात्र मुलींचा पट वाढला तो मुलींसाठी वेगळं शौचालय बांधलं तिथेच.

हे सगळं एकत्र ठेवलं तर मला दिसतं ते असं: पॅड लागतो, पण नुसत्या पॅडनं मुलगी शाळेत येत नाही. ती येते जेव्हा पॅड बदलायला दार लागणारी जागा असते, बादलीत पाणी असतं, आणि पाळी आली म्हणजे आपल्याकडून काही घाण झालेली नाही हे तिला कुणीतरी सांगितलेलं असतं.

'असर' पाहणीवाले दर काही वर्षांनी ग्रामीण शाळा प्रत्यक्ष जाऊन बघतात. मुलींसाठी वापरण्याजोगं शौचालय असलेल्या शाळा २०१८ मध्ये ६६ टक्के होत्या, २०२४ मध्ये ७२ टक्के झाल्या. 'वापरण्याजोगं' हा शब्द त्यांनी मुद्दाम ठेवलाय. कागदावर शौचालय जवळपास सगळीकडे आहे. कुलूप, तुटलेली कडी, पाणी नाही, आत खडूची खोकी आणि मोडके बाक, हे बघायला जावंच लागतं.

हजेरीपटावर 'उ' असलेली मुलगी

हजेरी हे मोजायचं सोपं माप आहे, म्हणून सगळे तेच मोजतात. पण हजर असलेल्या मुलीचं काय चाललंय?

कुठल्याही मुलींच्या घोळक्यात पाच मिनिटं उभं राहा. एक जण उठते, दुसरीच्या पुढे चार पावलं चालते आणि मान न वळवता विचारते, "बघ गं, काही लागलंय का?" दुसरी बघते, म्हणते, "न्हाई, चल." हे दिवसात आठ-दहा वेळा. त्या दिवशी मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही, म्हणजे लघवीला जायला नको. फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तर "येत नाही" म्हणते. येत असतं. उठायचं नसतं. पीटीच्या तासाला झाडाखाली बसते. शाळा सुटल्यावर सगळे जाईपर्यंत बाकावर बसून राहते, ओढणी कमरेला बांधते, मग निघते. पटावर त्या दिवशी तिच्यापुढे 'उपस्थित'चा उ असतो. नेपाळच्या हजेरीपटात हे दिवस कुणी मोजले असतील असं मला वाटत नाही, कारण ते मोजायचा रकानाच नसतो.

त्यात दुखणं. पोटात, कमरेत कळा येतात, काहींना उलट्या होतात. खाडा करण्याचं हे मोठं कारण आहे, आणि त्याला पॅडचा काही उपयोग नाही. १५ ते १९ वयाच्या मुलींत रक्त कमी असलेल्या देशात ५९ टक्के आहेत, म्हणजे आधीच थकवा, त्यात हे. गरम पाण्याची पिशवी, आणि फारच असेल तर आरोग्य केंद्रात विचारून घेतलेली साधी वेदनाशामक गोळी, एवढ्यानं पुष्कळ जणींचं भागतं. पण 'पाळीत गोळी घेतली की पुढे मूल होत नाही' हे गावोगाव पक्कं बसलंय. आम्ही गेलेल्या शाळेत एका बाईंनीच ते आम्हाला ऐकवलं. बाई बीएस्सी होत्या. दर आठवड्याला शाळेत वाटतात त्या लोहाच्या निळ्या गोळ्यांचंही तेच. पोरी जिभेखाली धरतात आणि बाहेर येऊन थुंकतात.

आणि शाळाच कधी कधी काय करते, तेही सांगायला हवं. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरला एका शाळेच्या शौचालयात रक्ताचे डाग दिसले. कुणाची पाळी चालू आहे हे शोधायला मुलींना कपडे उतरवून तपासलं गेलं. पालक पोलिसांत गेले, मुख्याध्यापिकेला अटक झाली. तपासणाऱ्या बायकाच होत्या. एक डाग, तोही शौचालयात, जिथे तो पडायचाच. असल्या शाळेत पाळीच्या दिवशी कुठली मुलगी पाय ठेवील?

सातवीनंतर

शाळा सुटते कुठे, याचं उत्तर शोधायचं तर वयाकडे बघावं लागतं. पाळी बहुतेकींना बारा-तेराव्या वर्षी येते, सातवीच्या आसपास. आपल्या बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवी किंवा आठवीपर्यंतच असते. पुढचं हायस्कूल शेजारच्या गावात. म्हणजे ज्या वर्षी शरीर बदलतं त्याच वर्षी शाळा बदलते. ओळखीच्या बाई जातात, नवे सर येतात, घरी येऊन पॅड बदलून परत जाण्याइतकं अंतर उरत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, ही खरोखर चांगली योजना. पण एसटी दिवसातून दोनदा येते. अकरा वाजता पोटात कळ आली तर पाच वाजेपर्यंत शाळेतच.

आणि याच वर्षी घरात बोलणं सुरू होतं. न्हाण आलं, शहाणी झाली, पदर आला. पाळी ही घरच्यांसाठी 'मुलगी लग्नाची झाली' याची दवंडी असते. मग शाळेचा रस्ता, रस्त्यावरची पोरं, कुणाशी बोलली, याच्यावर पहारा बसतो. पाळीमुळे शाळा सुटते असं म्हणतात तेव्हा त्यात पॅडपेक्षा या पहाऱ्याचा वाटा मोठा असतो असं माझं मत आहे.

हे सगळ्यात उघडं दिसतं ऊसतोड मजुरांकडे. दिवाळीच्या आसपास बीड, धाराशिव, अहिल्यानगर भागातून जोडपी कारखान्यांवर जातात, मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस कामावर नाही आलं तर दंड कापला जातो, आणि त्या दंडालाही म्हणतात 'खाडा'. पाळीत रक्तस्राव जास्त झाला तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढावंच लागतं. राहायला पालाची नाहीतर पाचटाची कोपी, न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पाणी कॅनॉलचं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कारणं अनेक आहेत, खासगी डॉक्टरांनी घातलेली भीती हेही त्यात आहे. पण पाळीच नको, म्हणजे खाडाच नको, असा हिशेब पंचविशी-तिशीतल्या बायका करत होत्या.

आता या बाईची तेरा वर्षांची मुलगी. तिला गावात म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायचं तर वयात आलेली पोर, जिवाला घोर. बरोबर न्यायचं तर शाळा गेली, आणि कोपीत ती पाळी कशी काढणार? तिसरा मार्ग म्हणजे लग्न. लग्न केलं की घोर मिटतो आणि जावई-मुलीचा नवा कोयताही तयार होतो. २० ते २४ वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के आहेत. बीडमध्ये तोच आकडा ४३.७ टक्के. आईचा खाडा आणि मुलीचा खाडा असे एकाच घरात राहतात.

गडचिरोलीत एटापल्ली, भामरागडकडच्या माडिया गोंड आदिवासींच्या गावांत पाळीच्या दिवसांत बायकांनी गावाबाहेरच्या 'कुर्मा' झोपडीत राहायची रीत आहे. काही गावांत संस्थांनी पडक्या झोपड्यांच्या जागी पक्की, पाणी-विजेची घरं बांधून दिली. त्यावर वाद आहे: रीत मोडायची की निदान जीव वाचवायचा? पावसाळ्यात साप निघणारी झोपडी मी स्वतः वापरत नाही, त्यामुळे मला यावर तत्त्वाचं भाषण करता येत नाही.

योजना

योजना कमी झाल्या असं नाही. केंद्रानं २०११ मध्ये आशाताईंमार्फत ६ रुपयांत ६ पॅडचं पाकीट सुरू केलं, 'फ्रीडेज' नावाचं. २०१८ च्या महिला दिनी राज्यानं अस्मिता योजना आणली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड, बचत गटांच्या बायकांकडून. पुढे ती मावळली. जनऔषधी दुकानांत 'सुविधा' पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक मिळतो, आणि तो चांगला आहे. मात्र दुकान तालुक्याला. जीएसटी आला तेव्हा जुलै २०१७ मध्ये पॅडवर १२ टक्के कर होता. गदारोळ झाला आणि वर्षभरात तो शून्यावर आणला. तरी भाव १२ टक्क्यांनी उतरले नाहीत. कारण कर माफ असलेल्या मालावर कच्च्या मालाला भरलेला कर कंपनीला परत मिळत नाही, तो किमतीतच मुरतो. आंदोलन जिंकलं, पाकीट मात्र थोडंच स्वस्त झालं.

योजनेचं खरं दुखणं वेगळंच. पाळी दर महिन्याला येते, पॅड येतो तेव्हा येतो. सहा महिने पाकीट मिळालं, मुलीनं जुन्या साड्यांच्या घड्या टाकून दिल्या, सातव्या महिन्यात पुरवठा बंद. आता ना पॅड, ना कापड. आम्ही बघितलेल्या दुसऱ्या एका शाळेत भिंतीवर पॅडचं यंत्र होतं, पाच रुपयांचं नाणं टाकायचं. उद्घाटनाचा हार सुकून तसाच होता. आत पॅड नव्हते. भरायचे कुणी, कुठल्या खात्यातून, हे उद्घाटनाच्या दिवशी ठरलंच नव्हतं. शेजारी पॅड जाळायचं यंत्र, त्याचा प्लग संगणकाच्या खोलीत वापरायला नेलेला. पोरी वापरलेले पॅड कागदात गुंडाळून दप्तरात घालून घरी नेत होत्या. दप्तरात, डब्याशेजारी.

किल्लीच्या शाळेत आम्ही वर्षभरानं परत गेलो. हेडसर मनानं चांगले, त्यांनी लक्ष घातलं होतं. खिळ्यावर आता दोनच किल्ल्या होत्या. लाल नाडीची किल्ली खिचडी शिजवणाऱ्या ताईंच्या कमरेला. "सरांना मागायला लाजत्यात, मला मागत्यात," ताई सांगत होत्या. शौचालयाच्या कोपऱ्यात झाकणाची बादली ठेवलेली, तीही त्यांनीच घरून आणलेली. मुली येऊन नुसता हात पुढे करायच्या, ताई किल्ली द्यायच्या, तोंडानं बोलायचं कामच नाही.

ताई भांडी घासून अडीचला घरी जातात. शाळा पाचला सुटते. तोवरची किल्ली कुणाकडे, हे विचारलं तेव्हा हेडसरांनी वहीत लिहून घेतलं.